ब्रेस्ट पंप: ऑफिसात कोणता चालतो आणि नागपूरच्या मे महिन्यात कोणता फसतो

बाळंतपणाची रजा संपत आली की सीताबर्डी नाहीतर धंतोलीत पंप बघायला चक्कर होते, आणि काउंटरवरून पहिलं वाक्य येतं, "मॅडम, याचं सक्शन जबरदस्त आहे." इथेच सावध व्हायचं. दूध खेचून निघत नाही. पान्हा सुटला की ते वाहतं आणि पंप वाहिलेलं गोळा करतो. जोर कमाल ठेवला तर स्तनाग्र सुजतं, दुखतं, आणि दुखत असताना पान्हा अडतो. म्हणून खोक्यावरचा सक्शनचा आकडा बाजूला ठेवा आणि आपल्या कामाच्या जागेकडे बघा. आतून कडी लागणारं दार आहे का? खुर्चीजवळ प्लग आहे का? फ्रिज कुणाच्या ताब्यात आहे? आणि मधल्या वेळात अर्धा तास उठलं तर साहेबांच्या कपाळावर आठी पडते का? पंप कोणता घ्यायचा ते या चार उत्तरांवर ठरतं.

हाताने दाबायच्या पंपापासून सुरुवात करू, कारण त्याला उगाच कमी लेखलं जातं. पाचशे रुपयांपासून अडीच-तीन हजारांपर्यंत मिळतो. सुटे भाग मोजके: शील्ड (स्तनावर बसणारं नरसाळं), कनेक्टर, सिलिकॉनचा डायफ्राम, व्हॉल्व्ह, हँडल आणि बाटली. प्लग नको, चार्जिंग नको, आवाज जवळपास नाही. शाळेतल्या शिक्षिका, दुकानात उभ्या राहणाऱ्या बायका, कोर्टात किंवा फिल्डवर काम करणाऱ्या, म्हणजे ज्यांना रोज एकच जागा मिळेल याची खात्री नाही, त्यांच्यासाठी हाच बरा. मेडेला हार्मनीसारख्या पंपाच्या हँडलला दोन टोकं असतात. आखूड टोकाने भरभर, हलके झटके देऊन पान्हा आणायचा आणि मग लांब टोकाने संथ, खोल दाब द्यायचा. स्वस्तातल्या पंपात ही सोय नसली तरी तेच तंत्र हाताने जमतं: पहिली दीड-दोन मिनिटं अर्धवट दाबून पटपट, धार सुरू झाली की पूर्ण दाबून सावकाश. अडचण अशी, की एका वेळी एकच बाजू होते, त्यामुळे दोन्ही मिळून पंचवीस-तीस मिनिटं लागतात. दिवसातून तीनदा काढायचं असेल तर दुसऱ्या आठवड्यात मनगट बोलायला लागतं.

दोन्ही बाजूंना एकदम लागणारा इलेक्ट्रिक पंप पंधरा ते वीस मिनिटांत काम उरकतो. मिहानमधल्या आयटी कंपन्या, बँका, सिव्हिल लाइन्समधली कार्यालयं, जिथे दार बंद होणारी एक खोली मिळू शकते, तिथे पैसे यातच घालावेत. दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, क्लोज्ड सिस्टिम आहे का, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा आहे का. तो नसेल तर दुधाचे थेंब ट्यूबमध्ये शिरतात, मग मोटरपर्यंत जातात, आणि तिथे बुरशी धरली की ती धुऊन काढायची सोय नसते. वहिनीचा, मैत्रिणीचा जुना पंप वापरायचा नाही तो याचसाठी. बाहेरचे भाग नवे घेतले तरी आतली मोटर जुनीच राहते. दुसरी गोष्ट, आत रिचार्जेबल बॅटरी हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि रेकॉर्ड रूममध्ये प्लग असला तरी तो फायलींच्या गठ्ठ्यामागे असतो. मोटरची घरघर टेबलाच्या लाकडातून दुप्पट ऐकू येते. खाली घडी केलेला नॅपकिन ठेवला की निम्मी होते. हात मोकळे हवे असतील तर खास ब्रा विकत घ्यायची गरज नाही. जुन्या, थोड्या घट्ट स्पोर्ट्स ब्राला शील्डच्या दांड्यापुरतं छोटं छिद्र पाडा, भागतं.

आता ज्याची सध्या सर्वांत जास्त हवा आहे तो, ब्राच्या आत बसणारा वेअरेबल पंप. मोटर, शील्ड आणि दुधाचा कप सगळं एकातच. देशी ब्रँड तीन हजारांच्या पुढे सुरू होतात, परदेशी पंधरा हजारांच्याही वर जातात. जाहिरातीचा सगळा भर एकाच गोष्टीवर: कुणाला कळत नाही, मीटिंगमध्ये बसून काढा. खरं तर कळतं. ब्लाउज किंवा कुर्त्यात दोन वाट्या ठेवल्यासारखा उठाव दिसतो आणि शांत खोलीत गुणगुण ऐकू येते. स्तनाग्र शील्डच्या नळीच्या, म्हणजे बोगद्याच्या, मधोमध बसलं आहे की नाही हे अनेक मॉडेलांत एकदा घातल्यावर दिसत नाही. जरा सरकलं तर दूध निम्मं येतं आणि कातडी सोलवटते. खाली पडलेलं पेन उचलायला वाकलं की कप सांडतो. मोटर अंगालाच असल्याने उन्हाळ्यात घाम येतो, घामाने सिलिकॉनची कड घसरते, हवा शिरते आणि ओढ जाते. पान्हा चांगला बसलेल्या, दूध भरपूर असलेल्या आईला दुसरा पंप म्हणून ठीक. पहिला आणि एकमेव पंप म्हणून घेऊ नका.

आणि या पंपाबद्दल एक तक्रार यंत्राच्या पलीकडची आहे. "कुणाला कळत नाही" हा गुण म्हणून विकला जातो, तेव्हा दूध काढणं ही लपवायची गोष्ट आहे हे आपण मुकाट मान्य करून बसतो. खोली मागणारी बाई मग हट्टी ठरते: "तो नवीन पंप मिळतो ना, तो घे की." पंधरा हजार तिचे गेले आणि कंपनीची एक कडी वाचली.

कोणताही पंप घेतला तरी तो फुकट जाण्याचं सर्वांत मोठं कारण एकच, शील्डचं माप. बहुतेक खोक्यांत 24 मिलिमीटरची शील्ड येते, काहींत 27 किंवा 28 ची, आणि पुष्कळ बायकांना ती मोठी पडते. बाळाला पाजण्याआधी स्तनाग्राच्या मुळाशी पट्टीने व्यास मोजा. भोवतालचा गडद भाग त्यात धरायचा नाही. आलेल्या आकड्यात फार तर चार मिलिमीटर मिळवा. व्यास 15 असेल तर 17 किंवा 19 ची शील्ड लागेल, 24 ची नाही. मोठी शील्ड असली की गडद भागही बोगद्यात ओढला जातो, नंतर भोवती वळ उमटतो, आणि दूध मात्र कमी. लहान असली तर स्तनाग्र कडेला घासतं आणि पांढरं पडतं. शील्ड मोठी पडली तर नवी घ्यायची गरज नाही. 17, 19, 21 मापाचे सिलिकॉनचे इन्सर्ट सुटे मिळतात आणि आहे त्याच शील्डमध्ये बसतात. "मला दूधच येत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणींचा प्रश्न या छोट्याशा इन्सर्टने सुटतो.

किती काढायचं हेही आधी पक्कं असू द्या, नाहीतर इंटरनेटवरचे भरलेल्या बाटल्यांचे फोटो बघून जीव घाबरा होतो. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण 750 ते 800 मिलिलिटर दूध पितं, म्हणजे तासाला 30 च्या आसपास. सकाळी साडेआठला घर सोडून संध्याकाळी साडेसहाला परत येणाऱ्या आईच्या बाळाला त्या दहा तासांत सुमारे 300 मिलिलिटर लागतं. तीन वेळा मिळून तेवढं निघालं की झालं. एका वेळेला दोन्ही बाजूंचं मिळून 60 ते 100 निघणं हे अगदी छान आहे. निघताना एकदा पाजायचं, अकराला, दोनला आणि पावणेपाचला काढायचं, घरी पोचल्यावर पुन्हा पाजायचं. यातली एक वेळ रोज चुकत गेली तर आठवड्याभरात दूध आटायला लागतं, कारण स्तन भरून राहिले की शरीर समजतं मागणी कमी झाली. त्याआधीच दूध साकळतं, गाठ येते, आणि ताप भरून थंडी वाजली तर ते डॉक्टरांकडे जायचं प्रकरण होतं.

प्रत्यक्ष काढताना हात धुवा, एक-दोन मिनिटं बाहेरून स्तनाग्राकडे हलका मसाज करा. कोमट ओला रुमाल मिळाला तर उत्तम. बाळाचा व्हिडिओ बघण्याचा सल्ला वेडगळ वाटतो, पण त्याने पान्हा खरोखर लवकर सुटतो. पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम असंच चालतं. पंप आधी भरभर-हलक्या मोडवर, धार दिसली की संथ मोडवर, आणि जोर दुखणार नाही इतपतच वाढवायचा. धार मंदावली की मिनिटभर पुन्हा पहिल्या मोडवर जा, बहुतेकदा दुसरा पान्हा येतो. शेवटी हाताने: अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे धरायचं, आधी छातीकडे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं, जागा बदलायची. बोटं कातडीवर घासायची नाहीत. शेवटचं हे दूध दाट, साईचं असतं आणि ते पंपाला नीट निघत नाही. पंप घरी विसरला तर हेच तंत्र दिवस काढून देतं, त्यामुळे रजेवर असतानाच शिकून ठेवावं.

मांडामांड आणि धुणं धरून यात अर्धा तास जातो. "पाच मिनिटांत येते" असं सांगून उठू नका, पहिल्याच दिवशी खोटं पडतं.

आणि आता दार. ताण आला की ॲड्रेनलिन वाढतं आणि ऑक्सिटोसिनला अडवतं. चालू पान्हा दारावरच्या एका टकटकीने थांबतो, मग दहा मिनिटं पंप कोरडा चालतो. पंचवीस हजारांचा पंपही या टकटकीपुढे हतबल. त्यामुळे ऑफिसचं वागणं हा पंपाचाच एक भाग समजून तपासावा. खोली फार मोठी नको, सहा बाय सहा फूट पुरते. आतून कडी, पाठ टेकता येणारी खुर्ची, लहान टेबल, हाताशी प्लग, जवळ बेसिन. काचेचं दार असेल तर फिल्म लावलेली हवी. वर मान करून सीसीटीव्ही नाही ना हे पहिल्याच दिवशी बघा. स्टोअर रूम आणि सर्व्हर रूममध्ये तो हमखास असतो. पंखा किंवा कूलरही हवा. मे महिन्यात बंद स्टोअरमध्ये अर्धा तास बसून कुणाला पान्हा सुटेल? टॉयलेट हा पर्याय नाही. जिथे आपण डबा उघडत नाही, तिथे बाळाचा डबा भरायचा नाही.

अधिकार किती आणि कोणते, हे एचआरशी बोलण्याआधी माहीत असलेलं बरं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आली. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त दोन विश्रांती ही तरतूद त्याआधीपासूनच होती, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. गोम अशी, की ही विश्रांती बाळाला पाजण्यासाठी आहे. दूध काढण्याच्या खोलीचा उल्लेख नाही. मग एखादा मॅनेजर विचारतो, "बाळ तर घरी आहे, ब्रेक कशाला?" वाद घालत बसू नका. रुजू होण्याच्या पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्या: रोजच्या तीन वेळा, प्रत्येकी तीस मिनिटं, त्यातल्या दोन पाजण्याच्या विश्रांतीच्या आणि एक जेवणाच्या सुट्टीतली, कोणती खोली चालेल तेही सुचवा. तोंडी विनंतीला "बघू" हे उत्तर असतं, कागदाला काहीतरी लिहून द्यावं लागतं.

बाकीची कुजबुज कायद्याने थांबत नाही. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं", "पावडर दे ना, आमची पोरं नाही वाढली का", "काऊन जी, रोजच अर्धा-अर्धा तास आत?" यातलं पहिलं बहुतेकदा मोठ्या बायकांकडूनच येतं, आणि त्यांच्या वेळी बाळाला सोडून दहा तास मिहानला किंवा बुटीबोरीला जावं लागत नव्हतं हे त्या विसरतात. फ्रिजबद्दलची नाराजी वेगळी. आईच्या दुधाच्या बाटलीने फ्रिज बाटतो असं काहींना खरंच वाटतं. ते अन्न आहे, रक्ताचा नमुना नव्हे. कॅन्टीनच्या दह्याशेजारी ते राहू शकतं. तरी शहाणपण म्हणून बाटली अपारदर्शक टिफिनमध्ये ठेवावी, वर नाव, तारीख, वेळ. नाहीतर चहावाला एखाद्या दिवशी ते दूध चहात घालेल.

आमदारांनाही हे चुकलेलं नाही. डिसेंबर 2022 च्या हिवाळी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या विधानभवनात आल्या, तेव्हा कुठे तिथे हिरकणी कक्षाची सोय झाली. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात तिथल्या कक्षातल्या धुळीची तक्रारही त्यांनाच करावी लागली. एसटी स्थानकांवरचे हिरकणी कक्ष पाजण्यासाठी आहेत. पंप चालवायला तिथे प्लग असेलच असं धरून निघू नका, हाताचा पंप पिशवीत असू द्या.

साठवणीचे आकडे सगळीकडे छापलेले असतात, पण ते आपल्या हवेचे नाहीत. ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये 4 अंशांवर चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. बाहेर 45 अंश आणि कूलरच्या खोलीत तिशीच्या वर असताना चार तासांचा भरवसा धरू नये. काढलं की लगेच गार करायचं. फ्रिजच्या दारात नाही, मधल्या फळीवर मागे. दुसऱ्या खेपेचं कोमट दूध पहिल्या गार दुधात थेट ओतू नका, आधी ते गार होऊ द्या, मग एकत्र करा. फ्रिज नसेल तर जाड कूलर बॅग आणि दोन जेल पॅक. पॅक रात्रभर गोठलेले हवेत, सकाळी तासभर ठेवलेले अर्धवट गारठतात आणि दुपारपर्यंत पाणी होतात. बाटलीच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅक, उरलेली जागा नॅपकिनने भरायची, कारण मोकळ्या हवेत बर्फ लवकर संपतो. पॅक पूर्ण गोठलेले असतील तर बंद बॅगेत 24 तास चालतं म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात घरी पोचेपर्यंत नीट राहिलं की पुरे समजावं. बॅग नको असेल तर रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्या, त्यात दहा मिनिटं बर्फ ठेवून आतून गार करा, मग बर्फासकट छोटी बाटली आत उभी करा. हा जुगाड स्वस्तातल्या पातळ कूलर बॅगांपेक्षा सरस आहे.

ॲक्टिव्हाच्या डिक्कीत मात्र दूध ठेवायचं नाही. वरून सीट तापलेली, खालून इंजिन. वर्धा रोडवरच्या दोन सिग्नलांत तिथली हवा भट्टीसारखी होते. बॅग पायाजवळच्या हुकाला लावा, वरून ओला रुमाल टाका. खापरीहून मेट्रोने येत असाल तर प्रश्नच नाही, डबा गार असतो.

घरी आल्यावर दुधावर साईचा पिवळसर थर दिसतो, खालचं पाणीदार निळसर. ते नासलेलं नाही. हलक्या हाताने गोल फिरवलं की एक होतं. फ्रिजमध्ये ठेवल्यावर साबणासारखा वास येत असेल तर ते दुधातल्याच लायपेज या चरबी फोडणाऱ्या विकरामुळे, दूध वाईट नसतं; नासलेल्याला आंबूस वास येतो. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून गरम करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाचं उष्टं राहिलेलं दोन तासांत संपवायचं नाहीतर ओतायचं. आजीला पाजायला बोंडलं किंवा वाटी-चमचा द्या. पंपासोबत आलेली बाटली साठवणीपुरती. दूध पाजायच्या बाटल्यांच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्याने मनाई आहे, ती काही उगाच नाही. सैल निपलची सवय लागलेली बाळं संध्याकाळी अंगावर प्यायला कुरकुर करतात.

धुण्याचं थोडक्यात: दुधाला लागणारा प्रत्येक भाग वेगळा करून आधी गार पाण्याने, मग साबण आणि वेगळ्या ब्रशने धुवा, स्वच्छ नॅपकिनवर उघडं वाळवा. ऑफिसच्या बेसिनमध्ये थेट ठेवू नका, घरून छोटा टब न्या. ट्यूब धुवायची नाही. बोअरचं पाणी जड असेल तर उकळलेल्या भागांवर पांढरी पुटं चढतात आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. उकळायला आरओचं पाणी वापरा.

पंप अचानक ढिला पडला तर मोटरला दोष देऊन सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी चोचीसारखा डकबिल व्हॉल्व्ह उजेडात धरा. चिरेच्या कडा एकमेकींना टेकलेल्या हव्यात. फट दिसली, कड दुमडली, किंवा धुताना ब्रशने चीर लांबली असेल तर ओढ तिथूनच जाते. रोज तीनदा वापरात दीड-दोन महिन्यांनी तो बदलावाच लागतो. म्हणून पंप घेतानाच विचारा, याचे सुटे व्हॉल्व्ह मिळतात का? "मिळतील, मागवावे लागतील" म्हणणाऱ्याकडून दोन जोड्या आधीच मागवा, मगच पैसे द्या. सुटे भाग न मिळणारा सहा हजारांचा पंप तीन महिन्यांत निकामी होतो, आणि बाजारात असे बरेच आहेत.

हिशेब साधा ठेवा. दार आणि फ्रिज असेल तर डबल इलेक्ट्रिक. जागा बदलती असेल तर हाताचा पंप आणि थर्मास. वेअरेबल हौसेला. बाळ सहा महिन्यांनंतर वरचं खायला लागलं की मधली एक वेळ सोडता येते, पण एकदम नाही: आधी वीसची पंधरा मिनिटं, तीन-चार दिवसांनी दहा, मग फक्त जडपणा जाईल इतकं हाताने. एका झटक्यात बंद केलं तर सोमवारी सोडलेली दोनची वेळ बुधवारी गाठ होऊन परत येते.